किल्ला स्थिर, मावळा चालता

दिवाळीच्या सुटीत सातारा-सांगलीकडच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, विटा, जुनी पोती, वर चिखलाचा लेप, त्यावर पेरलेली मोहरी नाहीतर अळीव आणि बुरुजांवर मावळे. माझ्या ओळखीतली काही मुले आता या किल्ल्यांवर फिल्मही करतात. मोबाइल स्टँडला लावायचा, मावळा नखभर पुढे सरकवायचा, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की मावळा दरवाजाकडे चालू लागतो. स्टॉप मोशन ही एवढीच गोष्ट आहे, आणि मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर कळते, कारण खेळण्याला हाताने चालवणे त्यांना नवे नसते.

माझे काम एडिटिंगचे. आमच्याकडे त्याला अजून मिक्सिंगच म्हणतात. लग्ने, संस्थांची वार्षिक संमेलने, एखादा माहितीपट, यांच्या जोडीने मुलांच्या या फिल्म माझ्या टेबलावर येतात, आणि बहुतेकींबरोबर एकच मागणे येते: हलतंय, तेवढं थांबवून द्या. वाळवा तालुक्यातल्या एका मुलाने ते सर्वांत नेमके सांगितले होते. "ताई, मावळा चालतोय ते बरोबर हाय, पण किल्ला कशाला हालतोय?"

या कामातली सगळी अडचण त्या एका प्रश्नात आहे. पडद्यावर दोघेही हलत आहेत. एकाचे हलणे हवे आहे, दुसऱ्याचे नको आहे. पाहणाऱ्याला ते पहिल्या सेकंदात कळते. यंत्राला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. हलणारे चित्र स्थिर करण्याचे काम गणिताने होते हे खरे, पण त्या गणिताच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो. या चित्रात जमीन कोणती आणि जीव कोणता? तो निर्णय चुकला तर उत्तम सॉफ्टवेअरही किल्ल्याला पाय फोडते आणि मावळ्याला खिळे ठोकते.

थरथर येते कुठून, हे आधी पाहू. सेकंदाला 12 फोटो धरले, आणि 24 फ्रेमच्या फिल्ममध्ये प्रत्येक फोटो दोनदा दाखवला, तरी एका मिनिटाला 720 फोटो लागतात. म्हणजे 720 वेळा हात चौकटीत जातो, बाहेर येतो आणि बटण दाबतो. बोट टेकताच मोबाइल केसभर वाकतो. उचलल्यावर तो नेमका जुन्या जागी येईलच असे नाही. स्टँडचा एक पाय ओल्या मातीत हळूहळू रुतत असतो. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत सुरू होते, आणि दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर दारावरून गेला की अंगणातली फरशी थरथरते. बऱ्याच मोबाइलमध्ये हाताचा कंप झेलण्यासाठी भिंगच अधांतरी तोललेले असते. स्टँडवर लावल्यावरही ते प्रत्येक फोटोला किंचित वेगळ्या जागी विसावू शकते. ऑटोफोकस दर फोटोला नव्याने शोधाशोध करतो, आणि त्यात चित्राचा आकार सूक्ष्म लहानमोठा होतो. वरून ढग जातो, ऊन कलते, चित्र लुकलुकते.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर क्षुल्लक आहे. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात दोन पिक्सेल म्हणजे रुंदीचा साधारण हजारावा भाग. एखाद्या फोटोत तेवढा फरक शोधूनही सापडणार नाही. पण सेकंदाला बारा वेळा, कधी इकडे कधी तिकडे, असा तो फरक पडू लागला की डोळा मावळ्याला सोडून भिंतीकडेच पाहू लागतो. आपली नजर उभ्या जन्मात भिंतीवर विसंबलेली असते. भिंत हलली की बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो, आणि गोष्ट तिथेच तुटते.

मुलांनी तोवर मोबाइलमधल्या किंवा कॉम्प्युटरवरच्या साध्या स्टॅबिलायझरचा प्रयोग केलेला असतो, आणि चित्र आणखी विचित्र झालेले असते. तो दोष त्या अवजाराचा नाही. ते वेगळ्या कामासाठी घडवलेले आहे. हातात कॅमेरा धरून घेतलेल्या व्हिडिओचे हलणे सलग असते. चालणाऱ्या माणसाचा कॅमेरा थोडा डावीकडे जातो, आणखी थोडा जातो, मग परत येतो. सॉफ्टवेअर या प्रवासाची रेषा काढते, तिच्यातले खाचखळगे भरते आणि प्रत्येक फ्रेम त्या गुळगुळीत रेषेवर आणून बसवते. स्टॉप मोशनमध्ये असा प्रवासच नसतो. दोन फोटोंमध्ये अर्धे मिनिट गेलेले असते. कधी जेवणाची वेळ, कधी अख्खी रात्र. समजा एका फोटोपर्यंत किल्ला जागच्या जागी होता आणि ट्रॅक्टर गेल्यानंतरच्या फोटोपासून तो पाच पिक्सेल उजवीकडे गेला. इथे रेषा नाही, पायरी आहे. पायरी गुळगुळीत करायला गेले की तिचा उतार होतो. जो धक्का एका क्षणाचा होता तो अर्ध्या सेकंदावर पसरतो, आणि किल्ला नावेसारखा संथ सरकत गेलेला दिसतो.

दुसरी गफलत याहून मोठी. सॉफ्टवेअर चित्रातले ठळक ठिपके, कडा, कोपरे शोधते आणि ते फोटोगणिक कुठे गेले ते पाहते. मावळा कॅमेऱ्याच्या जवळ असेल, त्याची पगडी लाल, ढाल काळी, तलवार चमकती असेल, तर बहुतेक ठिपके त्याच्याच अंगावर सापडतात. मावळा उजवीकडे गेला म्हणजे कॅमेरा डावीकडे वळला, असे यंत्राचे मत बनते. मग ते मावळ्याला पडद्याच्या मधोमध धरून ठेवते आणि त्याच्या मागून किल्ला पळवते. चित्र वाकवून स्थिर करणारी अवजारे तर तटाची भिंत जेलीसारखी हलवतात.

म्हणून या फिल्मना मी वेगळ्या वाटेने नेते. पहिली गोष्ट, दोनदा दाखवलेले फोटो काढून टाकायचे आणि मूळ फोटोंची माळच कामाला घ्यायची. सारखे दोन फोटो शेजारी आले की यंत्राला तिथे हालचाल शून्य दिसते, पुढच्या जागी एकदम दिसते, आणि त्याचा हिशेब बिघडतो. दुसरी गोष्ट, लुकलुक आधी घालवायची, कारण उजेड बदलला की ठिपक्यांवरची पकड सुटते. त्यानंतर एक दिवसभराचे काम वाटावे इतक्या सावकाश एकच गोष्ट करायची: फिल्म पुन्हा पुन्हा पाहून जे खरोखर हलत नाही ते शोधायचे. मागच्या कंपाउंडची वीट, दाराच्या चौकटीचा खिळा, भिंतीवरच्या रंगाचा पोपडा. मावळ्याभोवती मास्क घालून त्याला हिशेबातून वगळायचे आणि या ठिपक्यांवर ट्रॅकर बसवायचे. एकच ठिपका धरला तर चित्र किती सरकले एवढेच कळते. एकमेकांपासून दूरचे दोन धरले तर ते किती फिरले आणि किती लहानमोठे झाले, हेही कळते.

मग प्रत्येक फोटो पहिल्या फोटोशी जुळवायचा. आधीच्या फोटोशी जुळवण्याचा मोह होतो, कारण शेजारचे दोन फोटो एकमेकांसारखे असतात आणि काम सोपे वाटते. पण प्रत्येक जोडीत राहिलेली पाव पिक्सेलची चूक पुढच्या जोडीत जमा होते, आणि मिनिटभराच्या शेवटी किल्ला चौकटीच्या काठाला लागतो. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा एक फोटो आधार म्हणून नेमून देता येतो. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कॅमेरा लॉक आहे, आफ्टर इफेक्ट्समध्ये 'नो मोशन' आहे. नावे वेगळी असली तरी सगळीकडे सांगायचे एकच असते: रेषा गुळगुळीत करू नकोस, कॅमेरा हललाच नाही असे धर. आणि जिथे धक्का एकदाच बसला आहे तिथे एवढाही खटाटोप नको. तो फोटो शोधायचा, तिथे माळ तोडायची, पुढचा सगळा भाग हाताने सरकवून मागच्याशी जुळवायचा. दहा मिनिटांत झालेले असे काम मला फार समाधान देते, कारण त्यात दुखणे जेवढे होते तेवढाच उपचार झालेला असतो.

पण किल्ल्यांच्या फिल्मनी मला जे शिकवले ते याच्या पुढचे आहे. मोहरी पेरल्यावर तीन-चार दिवसांत उगवते. मुलांचे शूटिंग तेवढे दिवस चालते. पहिल्या दिवशी ओली, गडद असलेली माती चौथ्या दिवशी फिकट होते, आक्रसते, तिला भेगा पडतात. बुरूज कणाकणाने खाली बसतो आणि उतारावर हिरवे कोंब वर येतात. म्हणजे ज्या किल्ल्याला आपण स्थिर म्हणत होतो, तो स्वतःच हलतो आहे. ट्रॅकर तटावर बसवला तर तो मातीबरोबर खचतो, रोपांवर बसवला तर रोपांबरोबर वाढतो. स्थिर जागा शोधत मागे मागे जावे लागते: मावळ्याच्या मागे किल्ला, किल्ल्याच्या मागे कंपाउंडची भिंत. भिंत धरली की तीन वेगळ्या गती एकदम स्वच्छ दिसू लागतात. मावळा चढतो, किल्ला खचतो, शेत उगवते. त्या मुलांनी पहिल्यांदा असे पाहिले तेव्हा मावळ्याला विसरून ती मोहरीकडेच पाहत राहिली.

हे पाहताना मला दरवेळी दादासाहेब फाळके आठवतात. 1912 साली लंडनहून परतल्यावर, 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्याआधी, त्यांनी कुंडीत वाटाणे पेरून त्यांची वाढ महिन्याहून अधिक काळ टिपली आणि मिनिटभराची फिल्म केली. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. ती पाहून काही जण त्यांना कर्ज द्यायला तयार झाले. दिवसाला एक चित्र घेतले, असे या फिल्मबद्दल पुष्कळदा लिहिले जाते. माझ्या धंद्यातल्या माणसाचे बोट तिथे अडते. सेकंदाला 16 चित्रे या त्या काळच्या साधारण वेगाने मिनिटाला 960 चित्रे लागतात. रोज एक घेतले तर महिन्याकाठी दोन सेकंदही भरत नाहीत. तेव्हा त्या कुंडीसमोर दिवसातून कितीतरी वेळा उभे राहावे लागले असले पाहिजे, आणि दरवेळी कॅमेऱ्याची मूठ फिरवूनही कॅमेरा हलू द्यायचा नव्हता. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर चालवले. किल्ल्यावरच्या मावळ्याचा हा थेट पूर्वज.

त्या काळी पोस्ट प्रॉडक्शनमध्ये दुरुस्तीची सोय नव्हती. स्थैर्य आधीच, हातांनी, फिल्मच्या पट्टीत घालावे लागे. फाळक्यांकडे येणाऱ्या कोऱ्या फिल्मला भोके नसत. ती घरीच अंधारात पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले होते. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके असतात, म्हणजे फुटाला 128. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट होती. नुसत्या तेवढ्या पट्टीचा हिशेब केला तरी भोकांची संख्या साडेचार लाखांच्या पुढे जाते. या भोकांना दाते अडकवूनच फिल्म कॅमेऱ्यात आणि प्रोजेक्टरमध्ये पुढे सरकते. एक भोक केसभर खालीवर पडले की पडद्यावर चित्र उडी मारते. दिवसाचा स्वयंपाक आणि घरचा व्याप उरकल्यावर, नजरेला काही दिसत नसताना, ती बाई भारतातल्या पहिल्या कथापटाची जमीन स्थिर करीत होती. माझ्या टेबलावरचे काम त्याच कामाच्या वंशातले आहे, असे मी मनापासून मानते. तिने आधी केले ते आम्ही नंतर करतो, एवढाच फरक.

स्थिर जागा कोणती, हा प्रश्न सर्वांत अवघड झाला तो कासच्या पठारावर. सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, साधारण 1,200 मीटर उंचीवर, जांभ्याच्या कातळाचे हे पठार. 2012 पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते. पावसाळा सरता सरता वीतभर मातीवर सोनकी, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे पडतात. साचल्या पाण्यात वायतुऱ्याचे दुहेरी तुरे उभे राहतात. फुलांचे उमलणे टिपायचे तर दर काही सेकंदांनी एक फोटो, असे तासन्‌तास बसावे लागते. आणि तिथला वारा! त्याच डोंगररांगांत चाळकेवाडीला पवनचक्क्यांची रानेच्या राने उभी राहिली, यावरून तो किती वाहतो ते समजावे. ट्रायपॉडला वजन टांगले, पाय पसरून बुटका केला, तरी झोत आला की चित्र कापते.

अशा चित्रात सगळेच हलते. फुले डोलतात, गवत लवते, ढग पळतात, डबक्यावर शहारे येतात. सॉफ्टवेअरला मोकळे सोडले तर ते संख्येने जास्त म्हणून गवत पकडते. मग गवत ताठ आणि सारे पठार उलट्या दिशेने झुलते. तिथे मी गवतातून डोके वर काढलेला जांभ्याचा दगड शोधते. काळा-तांबडा, भोकाभोकांचा, कडा स्पष्ट. ट्रॅकरला याहून चांगले काय हवे? पण कासला धुके येते, आणि दगड मधूनच दिसेनासा होतो. पाच-दहा फोटो नुसते पांढरे. या जागी यंत्र चाचपडते आणि मिळेल त्या सावलीला धरून चित्र भलतीकडे नेते. इथे ट्रॅकर थांबवावा लागतो, धुक्याआधीचा आणि धुक्यानंतरचा दगड हाताने जोडून द्यावा लागतो आणि मधल्या फोटोंना त्या दोन टोकांमधली जागा द्यावी लागते. दिसत नसतानाही दगड तिथेच आहे, हे माणसाला ठाऊक असते म्हणून ते जमते.

दगडावर चित्र बांधल्यावर फुलांचे डोलणे मात्र मी तसेच ठेवते. ते थांबवता येते; तशी अवजारे आहेत, दोन-चार फोटो एकमेकांत मिसळून वारा पुसून टाकणारी. त्याने चित्र रेशमी होते आणि कास राहत नाही. सीतेच्या आसवांच्या काडीएवढ्या देठावर वारा काय करतो, ते त्या फुलाच्या जगण्याचा भाग आहे. वाऱ्याने कॅमेरा हलवला तेवढा परत घ्यायचा. वाऱ्याने फूल हलवले ते फुलाचे.

तोच नियम सांगलीत पुराच्या चित्रांना लावताना हात अधिक जपून चालवावा लागतो. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, साठवण 105 टीएमसी. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, आणि धरणातून विसर्ग वाढला की सांगलीकर आयर्विन पुलाकडे पाहू लागतात. 1929 साली बांधलेल्या या दगडी पुलाजवळची पाणीपातळी हेच शहराचे माप: 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपुढे गेले होते. पुराच्या दिवसांत गच्चीवरून, खिडकीतून, दर मिनिटाला एक असे फोटो लोक घेऊन ठेवतात. पावसात, वाऱ्यात, घाईत घेतलेले हे फोटो जोडले की चित्र फार हलते.

अशा वेळी पडद्याचा मोठा भाग पाण्याने व्यापलेला असतो. वाहत आलेली जलपर्णी, फेस, ओंडके, या सगळ्यांवर ट्रॅकर हावऱ्यासारखे चिकटतात. त्यांचे ऐकले तर नदी उभी राहते आणि पूल वाहून जातो. म्हणून पुलाच्या कमानीचा वरचा दगड धरायचा, खालचा नाही, कारण खालचा दगड उद्या पाण्यात असेल. या चित्रात मी सरकवणे आणि फिरवणे एवढेच करते. चित्र ताणणे, वाकवणे वर्ज्य. कमान दोन टक्के वाकली तर दिसायला काही बिघडत नाही, पण पुढे कोणी कमानीवरून पाण्याची उंची ताडू गेला तर त्याला मी खोटे सांगितलेले असेल. लग्नाच्या फिल्ममध्ये सुबकपणाला मान आहे. पुराच्या फिल्ममध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचा मान आधी.

किल्ला, कातळ आणि कमान या तिघांना धरून ठेवण्याविषयी इतके बोलल्यावर जे सोडून द्यायचे त्याविषयीही बोलले पाहिजे. सांगली हे बाहुल्यांचेही गाव आहे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथे 'सीता स्वयंवर' केले आणि मराठी नाटकाची परंपरा सुरू झाली, हे सर्वांना माहीत असते. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या, हे कमी जणांना आठवते. सूत्रांवरची बाहुली कधीच पुरती स्थिर नसते. ती उभी असतानाही तिच्यात चालवणाऱ्याच्या हाताचा हलका कंप उतरतो, आणि त्यामुळेच ती श्वास घेते आहे असे वाटते.

स्टॉप मोशनमधल्या मातीच्या माणसाचे तसेच आहे. प्रत्येक फोटोआधी त्याला बोटे लागतात, दंडावरचा ठसा बदलतो, झबल्याची चुणी हलते. 1933 च्या 'किंग काँग'मध्ये विलिस ओब्रायन यांच्या महाकाय वानराच्या अंगावरची लव सतत सळसळताना दिसते. बाहुले सरकवणाऱ्या बोटांनी ती विस्कटत होती. ब्रिटनच्या आर्डमन स्टुडिओच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट'मध्ये पात्रांच्या अंगावर बोटांचे ठसे दिसतात आणि ते कुणाला खटकत नाहीत. मुलांना मात्र हे ठसे पुसायचे असतात. "ताई, ह्याचं तोंड पण स्थिर करा की," असे एकीने सांगितले होते. मी तिला दोन्ही करून दाखवले. तोंड गुळगुळीत केलेला मावळा पाहून ती जरा थांबली आणि म्हणाली, "आता मेल्यागत दिसतोय." मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवून तिला हवी तेवढी झणझणू देतो, आणि तिच्याखालची घोडी मात्र तसूभर हलू देत नाही. आमचे काम त्याच जातीचे. आधार घट्ट हवा, तो यासाठी की ज्याला कापायचे त्याला मोकळेपणाने कापता यावे.

या सगळ्याची किंमत चौकटीच्या काठाला द्यावी लागते. फोटो सरकवून जुळवला की एका बाजूला काळी पट्टी उघडी पडते, ती झाकायला चित्र थोडे मोठे करावे लागते, आणि कडेचे काही ना काही कापले जाते. म्हणून मुलांना मी सांगते की फोटो मोठ्या आकाराचे घ्या आणि मावळ्याभोवती जागा सोडा. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4,000 पिक्सेल रुंद असतो, फिल्म 1920 ची होणार असते. तेवढ्या मोकळ्या जागेत हवे तितके जुळवता येते. फोकस आणि उजेड लॉक करा. बटण हाताने दाबू नका, इअरफोनच्या बटणाने फोटो घ्या. चौकटीच्या कोपऱ्यांत, पुढे कापल्या जाणाऱ्या जागी, भिंतीवर खडूने चार फुल्या काढा. या चार फुल्या नंतरचे कितीतरी तास वाचवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शूटिंग सुरू होण्याआधीच मुलांना ठरवावे लागते की आपल्या गोष्टीत न हलणारे काय आहे.

आणि शेवटी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, मुलांना आणि पुराचे फोटो घेऊन येणाऱ्या मोठ्यांनाही. फिल्म तयार झाली म्हणून मूळ फोटो पुसू नका. क्रमांक, तारीख, वेळ यांसह ते जसेच्या तसे एका वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि स्थिर करताना कोणता दगड धरला होता ते सोबत लिहून ठेवा. मी भिंत धरली, कारण मला मावळा चालताना दाखवायचा होता. उद्या वनस्पतींचा अभ्यास करणारी एखादी मुलगी तेच फोटो घेऊन कोंबाचे मूळ धरील, आणि कोंब कोणत्या बाजूला वळत गेला ते तिला दिसेल. एखादा अभियंता पुराच्या फोटोंत पलीकडच्या काठावरची इमारत धरील आणि पूल स्वतः किती हलला ते पाहील. स्थिर केलेली प्रत्येक फिल्म एकाच प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न आज आपण निवडलेला असतो. पुढे येणाऱ्यांचे प्रश्न निराळे असतील. त्यांना आपला स्थिर बिंदू आपणच निवडता यावा, एवढी तजवीज करून ठेवणे हा माझ्या दृष्टीने या कामाचाच शेवटचा टप्पा आहे.